करंगळी घरी ठेवा

सरांनी आज माझा चेहरा ओळखला असता की नाही, शंका आहे. करंगळी मात्र नक्की ओळखली असती. माणूस बघायला ते हातापासूनच सुरुवात करायचे. क्लासला नाव घालायला कुणी आलं की नाव-गाव विचारायच्या आधी दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवायला सांगायचे, चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघायचे आणि निकाल द्यायचे, "उजवी करंगळी आळशी आहे. पण होईल." आई मला घेऊन गेली तेव्हा तिला वाटलं, हे हात बघून भविष्य सांगतायत. तिनं घाईघाईनं विचारून घेतलं, लग्नाचं काय दिसतंय? सर तितक्याच गंभीरपणे म्हणाले की तो अनामिकेचा विषय, आपण फक्त करंगळीचं बघतो. आई जिना उतरताना म्हणाली, माणूस चक्रम आहे पण चांगला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

क्लास कोपरीत, एका पिठाच्या गिरणीच्या वर होता. जिन्यावर कायम पांढरी धूळ असायची आणि गिरणी चालू झाली की जमीन थरथरायची. अकरा टाइपरायटर एका सुरात हलायचे. कुणी तक्रार केली तर सर म्हणायचे, हलत्या जमिनीवर ज्याची चूक होत नाही तो सरकारी परीक्षेत कशाला नापास होईल? टाइपरायटरांवर त्यांनी सुताराकडून लाकडी झाकणं करून घेतली होती. हात झाकणाखाली घालायचे, म्हणजे अक्षरं दिसायचीच नाहीत. तीन नियम होते आणि ते आम्ही रोज सुरुवातीला म्हणायचो. नजर कागदावर. करंगळी घरी. घंटीला भ्यायचं नाही.

घर म्हणजे इंग्रजी कीबोर्डची मधली ओळ. डाव्या हाताची बोटं ए एस डी एफवर, उजव्या हाताची जे के एलवर आणि उजवी करंगळी सेमीकोलनवर. तिथून निघायचं, वरचं-खालचं अक्षर दाबायचं आणि परत घरी यायचं. 'ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे' हे मी इतक्या वेळा बडवलंय की तापात बरळताना मी तेच म्हणत होते असं आई सांगते. आणि घंटी म्हणजे टाइपरायटरची. ओळ संपत आली की ती टिंग वाजते. नवी पोरं दचकून मान वर करायची, की सरांची पट्टी टेबलावर बसायची. घंटी वाजली म्हणजे काही बिघडलेलं नसतं, पुढच्या ओळीवर जायचं असतं, एवढंच.

स्वतः सर बोलायचेही टाइप केल्यासारखे, सावकाश आणि शुद्ध. मूळचे पुण्याकडचे, लग्न केलेलं नाही, दुपारचा डबा खानावळीचा. डबा खातानासुद्धा उजवी करंगळी अशी जरा वाकवून बाजूला ठेवलेली असायची, जणू तिचं काम वेगळं आहे. त्यांच्या आयुष्यात दुसरं काही होतं असं मला कधी दिसलं नाही. तेव्हा त्याचं हसू यायचं.

मग कॉम्प्युटर आले आणि टायपिंगला येणारी पोरं आटली. आधी अकरातली सहा यंत्रं भरायची, मग तीन. सरांनी वर्षभर हट्टानं दुर्लक्ष केलं आणि एक दिवस टेंपोतून चार जुने कॉम्प्युटर आणले. मुंबईतलं एका स्विस कंपनीचं ऑफिस बंद झालं होतं, तिथला माल. कीबोर्ड आपल्याकडचेच होते, पण आतली मांडणी तिकडच्या पद्धतीची. तारखेत आकड्यांच्या मधे टिंबं यायची. सरांना ते फार आवडलं होतं, शिस्तीची तारीख म्हणायचे.

त्यांनी फुटपाथवरून एक्सेलचं एक पुस्तक आणलं आणि तीन महिने एकटे बसून शिकले. पुस्तकात फॉर्म्युल्याच्या कंसात दोन गोष्टींच्या मधे स्वल्पविराम होता. सरांनी तसं टाइप केलं, यंत्रानं नाकारलं. पुन्हा केलं, पुन्हा नाकारलं. काय काय करून बघितल्यावर सेमीकोलन दिला आणि यंत्रानं मुकाट उत्तर दिलं. दुसऱ्या कुणी पुस्तकावरून यंत्रावर संशय घेतला असता. सरांनी पुस्तकावर घेतला. लाल शाईचं पेन घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फॉर्म्युल्यातला प्रत्येक स्वल्पविराम खोडून त्यांनी वर सेमीकोलन काढला, आणि प्रकाशकाला मुद्रणदोषांची नऊ पानी यादी टाइप करून पाठवली. उत्तर आलं नाही. सर म्हणाले, लाज वाटली असेल.

खरं तर त्यांना मनातून आनंद झाला होता. ज्या चावीवर त्यांनी हजारो करंगळ्या बसवल्या होत्या, नेमकी तीच चावी या नव्या यंत्राला हवी होती. करंगळीला घर सोडावं लागणार नव्हतं. "म्हणजे बघा, त्यांनीही विचार केलेला आहे," ते म्हणायचे. ते 'त्यांनी' म्हणजे कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही.

मग कॉम्प्युटरवरही लाकडी झाकणं आली, कीबोर्डपुरती. पडद्यावर बघायला बंदी. कागदावर फॉर्म्युले, आणि ते कवायतीसारखे बडवायचे, बोटांना पाठ होईपर्यंत. मधेच यंत्रानं टूं केलं तर दचकायचं नाही, एंटर दाबून पुढे जायचं. कॉम्प्युटरची घंटीही सरांच्या मते घंटीच होती. आणि त्यांच्या यंत्रांवर त्यानं खरंच काही बिघडत नसे. त्यांचे फॉर्म्युले बरोबरच असायचे.

कुंदाताई आल्या त्या वर्षी मी क्लासमधली जुनी झाले होते. चेंदणी कोळीवाड्यातल्या. नवरा माजिवड्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअरमधे होता, काविळीनं तीन आठवड्यांत गेला. दोन मुलं. कंपनीनं कबूल केलं होतं की त्याच्या जागी हिला घेऊ, मॅट्रिक आहे म्हणून ऑफिसातच घेऊ, पण आता हजेरीपट सगळा कॉम्प्युटरवर आहे, तेव्हा चाचणी द्यावी लागेल. जूनमधे. एकदाच. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला. सासूबाईंबरोबर बाजारात मासळी विकायची आणि दुपारी क्लासला यायचं असं त्यांचं चाललं होतं. पहिल्या दिवशी लिंबानं चोळचोळून हात धुऊन आल्या होत्या आणि तरी चावीला हात लावायला कचरत होत्या. सर म्हणाले, "यंत्राला नाक नसतं. बसा."

त्यांचे पंजे मात्र सरांनी दोनदा उलटसुलट करून बघितले. लग्नाआधी कधीतरी मासळी कापताना कोयता लागून कुंदाताईंची उजवी करंगळी आखडली होती. ती सरळच्या सरळ राहायची, वाकायचीच नाही. म्हणजे नेमकी सेमीकोलनची करंगळी. दुसऱ्या बोटानं दाबली तर चालणार नाही का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, चालेल, पण मग तुम्हाला प्रत्येक वेळी बघावं लागेल, आणि बघणाऱ्याला वेळ पुरत नाही.

पुढचे पाच महिने त्यांनी त्या एका बोटावर घालवले. मिठाच्या कोमट पाण्याचं पातेलं क्लासमधे आलं. मुलांच्या खेळातला रबरी चेंडू आला. सर रोज पंधरा मिनिटं समोर बसून मोजायचे, दाबा, सोडा, दाबा, सोडा. कुंदाताईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "सर, सोरा ना. मना नाय जमायचं." सर मोजत राहिले. आणि फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी ती करंगळी वाकली आणि बरोबर चावीवर बसली. झाकणाखालून आलेला तो टक् असा आवाज सरांनी ओळखला. त्यांनी खाली जाऊन गिरणीवाल्याला पाच मिनिटं गिरणी बंद करायला लावली आणि कुंदाताईंना सांगितलं, आता पुन्हा करा, ऐकू दे. त्या शांततेत त्यांनी वीस वेळा सेमीकोलन दाबला. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

एप्रिलमधे माझी स्वतःची चाचणी होती, वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात. नजर कागदावर ठेवून मी बडवायला लागले. पहिल्याच फॉर्म्युल्याला टूं झालं. एंटर. दुसऱ्याला टूं. एंटर. चौथ्या-पाचव्याला शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, बघ तरी वर. सगळं एकाच चौकटीत पडतंय." मी वर बघितलं. खरंच तसं होतं. त्या हसल्या, म्हणाल्या, सेमीकोलन कुठून शिकलीस, कॉमा दे. मग त्यांनी कंट्रोल पॅनलमधे जाऊन मला दाखवलं. देशाप्रमाणे आकडे-तारखा कशा लिहायच्या याची एक खिडकी असते, तिच्यात एक बारकी चौकट असते, आणि फॉर्म्युल्यात मधे कुठलं चिन्ह चालणार ते त्या चौकटीवर ठरतं. आपल्याकडच्या मशीनवर कॉमा असतो. युरोपातल्या मशीनवर बऱ्याचदा सेमीकोलन. कुणीही बदलू शकतं. त्यांनी मला पुन्हा सुरुवात करू दिली आणि मला नोकरी लागली.

मी पेढे घेऊन क्लासवर गेले. सांगायचंच म्हणून गेले होते. पण सरांनी पेढा हातात घेऊन सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाले, हिच्याकडे बघा, हिची करंगळी घरी राहिली. कुंदाताई माझ्याकडे बघत होत्या. मग कसं सांगणार? सगळ्यांसमोर कसं सांगणार की तुमचं लाल शाईचं पुस्तकच बरोबर होतं, तुम्ही खोडायच्या आधी? रविवारी एकटी येऊन सांगू, असं ठरवलं. रविवारी पाहुणे आले. मग नवी नोकरी, मग उन्हाळा. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण असं की मला त्यांची शाबासकी हातची घालवायची नव्हती. आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं, की कुंदाताई काही आंधळ्या नाहीत, वर बघतील, विचारतील कुणालातरी, जसं माझं निभावलं तसं त्यांचंही निभावेल. त्यांनी सरांचा शब्द माझ्यापेक्षा जास्त मानला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

जूनमधे चाचणी झाली. कुंदाताईंना एका बंद केबिनमधे बसवलं, वीस मिनिटं दिली आणि साहेब बाहेर गेले. वीस नावांचा हजेरीपट होता. त्यांनी मान वर केली नाही. प्रत्येक ओळीला यंत्र टूं म्हणालं आणि प्रत्येक वेळी त्या न घाबरता एंटर दाबून पुढे गेल्या. वीस मिनिटं पूर्ण व्हायच्या आत त्यांचं संपलं होतं. साहेब आले, पडद्याकडे बघितलं, वीसच्या वीस फॉर्म्युल्यांची एकाच चौकटीत रास पडली होती. त्यांनी विचारलं, हे काय आहे? कुंदाताईंनी तेव्हा पहिल्यांदा पडदा बघितला. साहेबांनी कागदावर एक ओळ लिहिली आणि त्यांना जायला सांगितलं.

हे मला दुसऱ्या दिवशी क्लासवर कळलं. मी सहज डोकावले होते. कुंदाताई बाकावर बसल्या होत्या, डाव्या हातानं उजवी करंगळी धरून, आणि सर त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होते, कुठला फॉर्म्युला, नीट आठवा, कंस राहिला का? त्या म्हणत होत्या, नाय सर, तुम्ही शिकवलाव तसाच. सरांना चूक सापडत नव्हती. त्या गेल्यावर मी दार लोटून घेतलं, एका कॉम्प्युटरसमोर बसले, ती खिडकी उघडली आणि ती बारकी चौकट त्यांना दाखवली. चिन्ह बदललं. सेमीकोलन घालून एक फॉर्म्युला टाइप केला. टूं झालं. मग कॉमा घालून केला आणि उत्तर आलं.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून पडदा बघितला. खाली गिरणी चालू होती.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"एप्रिलपासून."

"मग ते पेढे कसले होते?"

मी म्हणाले, नोकरीचे. त्यांनी मान हलवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, कपाटातून ते पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या पानं उलटत राहिले, एकेक लाल खूण बघत. मला जायलाही सांगितलं नाही त्यांनी. मी आपणच निघाले.

दोन दिवसांनी ते कारखान्यावर गेले. मी रजा काढून बरोबर गेले, त्यांनी बोलावलं नव्हतं तरी. गेटवर तासभर उन्हात उभं केलं. मग एका अधिकाऱ्यानं आत घेतलं. सरांनी पुस्तक उघडून त्याच्यापुढे ठेवलं आणि त्यांच्या त्या सावकाश, शुद्ध बोलण्यात सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. तिच्या बोटांची नाही. एकदा पुन्हा बसू द्या." अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा मागवला, म्हणाला, "सर, जागा सोमवारीच भरली. आधी आला असतात तर..." सरांनी चहा घेतला नाही. परत येताना बसमधे ते माझ्या शेजारी बसले होते. आधी कुणी यायला हवं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर क्लास बंदच झाल्यासारखा होता. आलेल्या पोरांना सर परत पाठवायचे. ज्यांना ज्यांना कॉम्प्युटर शिकवला होता त्यांची वही काढून ते पोस्टकार्डं टाइप करत बसले होते, जुन्या मराठी टाइपरायटरवर, झाकण लावून. प्रत्येक कार्डावर एकच मजकूर. 'आपणांस फॉर्म्युल्यासाठी शिकवलेले चिन्ह सर्वत्र चालत नाही. यंत्राच्या मांडणीनुसार ते बदलते. मला हे वेळेवर कळले नाही. आपले नुकसान झाले असल्यास क्षमा असावी.' खाली सही.

थोडी उत्तरं आली. मला गिरणीवाल्यानं सांगितलं, कारण सर ती त्याला वाचून दाखवायचे. बहुतेकांनी चांगलंच लिहिलं होतं. सर, वाईट वाटून घेऊ नका. सर, आम्हाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं होतं. सर, केव्हाच कळलं होतं, पण तुम्हाला कसं सांगायचं म्हणून. एका मुलीनं लिहिलं होतं की आम्ही मैत्रिणी अजून आठवण काढून हसतो. तिनं ते प्रेमानं लिहिलं होतं. इतकी पोरं शिकून गेली, इतक्यांना कळलं, आणि त्यातल्या एकालाही तो जिना चढून वर यायचं सुचलं नाही. आदर वाटत होता ना सगळ्यांना. दिवाळीपर्यंत यंत्रं भंगारात गेली. सर पुण्याला पुतण्याकडे गेले आणि दोन वर्षांत तिकडेच वारले. मला महिन्यानंतर कळलं.

कार्ड मलाही आलं होतं. वहीतलं माझं नाव त्यांनी गाळलं नव्हतं आणि मजकुरात एक अक्षर बदललं नव्हतं. मला हे वेळेवर कळले नाही. क्षमा असावी. मी ते आईला दाखवलं नाही. अजून माझ्याकडे आहे, पण काढून बघायची हिंमत होत नाही.

कुंदाताई बाजारात बसतात, सासूबाईंच्या जागेवर. चाचणीच्या पुढच्या वर्षी कधीतरी मी मासळी घ्यायला गेले होते. त्यांनी ओळखलं, पाट सरकवला, बांगडे पुढे ओढले. कोयता उचलला तेव्हा मी बघितलं, उजवी करंगळी मुठीत नीट वळली होती. माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली.

"सरांमुलं," त्या म्हणाल्या. "आता कोयता घट बसतो हातान." मग दोन बांगडे साफ केले. "मनापन कार्ड आलता त्यांचा. एवरा शिकलेला मानूस, आनि माझी माफी मांगतय. त्यांना बिचाऱ्यांना कुनी सांगलाच नाय गो. कुनाला म्हायती असता तं सांगला नसता का?"

सरांनी त्यांना माझं नाव सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, "हो ना."

त्यांनी मासळी कागदात बांधली, वर एक बांगडा जास्तीचा घातला, सरांच्या क्लासातली म्हणून. मी तो घेतला आणि घरी आले.